दगडातला स्क्रू

अमेरिकेत केंटकी, इलिनॉय या भागांतल्या चुनखडकात चक्क दगडी स्क्रू सापडतात! सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात ब्रायोझोआ नावाचे चिमुकले प्राणी वसाहत करून राहत. तिचाच हा मधला खांब. खांबाभोवती गोल जिन्यासारखी नाजूक जाळी फिरत जाई. जाळीच्या काड्यांत बारीक खोल्या, एकेका खोलीत एकेक प्राणी. १८३८ साली याचं नाव ठेवलं आर्किमिडीज. पाणी उपसायच्या त्याच्या स्क्रूवरून. झकास ना?

पण जाळी बहुधा मोडून वेगळीच सापडते. मग ती स्क्रूवाल्याची की दुसऱ्याच कुणाची? इथेच पंचाईत! वळण पाहावं, तर एकाच जातीत काही स्क्रू डावे, काही उजवे. म्हणून शास्त्रज्ञ दगडाचा पातळ काप घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली खोल्यांचा आकार, अंतर मोजत बसतात.