बिल्ल्याचा रंग

घरातील मुलगा वा मुलगी एखाद्या मोठ्या संगणक कंपनीत लागली की आपण ते चार ठिकाणी कौतुकाने सांगतो. परंतु कायम नोकर म्हणून लागली की कंत्राटावर, हे विचारण्याचे सहसा सुचत नाही. काम एक, वरिष्ठ एक. मग भेद तो कोणता?

अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीचे प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथे १९९० पूर्वी प्रणाली तपासणारे, संपादक, मुद्रितशोधक, सूचिकार अशी अनेक माणसे ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून राबत. (मुद्रिते तपासण्यातच ज्याचे दिवस जातात, त्या प्रस्तुत लेखकास या यादीविषयी ममत्व वाटल्यास नवल नाही.) ती कायम नोकरांच्या बरोबरीने, त्यांच्याच वेळात काम करीत. मात्र बिल्ला निराळ्या रंगाचा, समारंभाचे आमंत्रण नाही, आणि मोबदल्यासाठी बिल सादर करावयाचे, तेही पगारखात्याकडे नव्हे, तर व्यापाऱ्यांची देणी भागविणाऱ्या खात्याकडे!

पुढे प्राप्तिकर खात्याने ही माणसे वस्तुतः नोकरच होत असा निर्वाळा दिला. कंपनीने काहींना कायम केले, इतरांना मध्यस्थ संस्थेची वाट दाखविली. १९९२ मध्ये आठ जणांनी दावा लावला. नोकरांना कंपनीचे भाग बाजारभावाच्या ८५ टक्के किमतीत मिळत, ते आम्हांसही मिळावेत, ही मुख्य मागणी होती. आपण नोकर नाही अशा करारावर त्यांनी सह्या केलेल्या होत्या; तरीही न्यायालयाने कौल त्यांच्या बाजूने दिला. डिसेंबर २००० मध्ये ९ कोटी ७० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. परिणाम मात्र चमत्कारिक! कंपनीने नियम केला की अशा माणसाने वर्षभर काम केल्यावर शंभर दिवस बाहेर राहावे. म्हणजे कायम होण्याचा मार्ग काही रुंदावला नाही.

तेव्हा कायम करण्याचे पत्र हाती येईल, तेव्हा पेढे वाटण्यापूर्वी ते सावकाश वाचावे. नोकरी कोणत्या तारखेपासून धरली आहे? कंत्राटाची वर्षे तीत मोजली काय? तासावारी मिळणारी रक्कम कधीकधी पगाराहून अधिक असते. तिच्या बदल्यात रजा, वैद्यकीय विमा आणि भविष्यनिर्वाह निधी किती, हे मांडून पाहावे. कंपनीचे भाग मिळणार असल्यास ते बहुधा काही वर्षांत हप्त्याहप्त्याने हाती येतात, हेही ध्यानी असावे. मुलाचे काम वरिष्ठांनी पाहिलेलेच असते; म्हणून पगाराविषयी बोलावयाचे ते सही करण्यापूर्वीच बोलावे.