बी.ए. इंग्लिश, मग बी.एड., आणि मधेच लग्न



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मुलगी आहे, इंग्लिश घेऊन बी.ए. करू दे, मग बी.एड. करेल. शाळेला सुट्ट्या असतात, घर सांभाळून होतं." या शिक्षणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती 'चांगलं स्थळ येईपर्यंतची सोय' म्हणून त्याच्याकडे बघण्याबद्दल.

आदिनाथ भगवंतांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकवली, हे आपण पाठशाळेत मुलांना कौतुकाने सांगतो. चार दानांमध्ये ज्ञानदान मोजतो. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्याच समाजात मुलीचं मास्तरकीचं शिक्षण म्हणजे वेळ काढणं झालंय, हे मला खुपतं.

आधी इंग्लिशचं बघू. बी.ए. इंग्लिश म्हणजे फाडफाड बोलायला शिकवणारा क्लास, असा बऱ्याच आयांचा समज असतो. तिथे शेक्सपिअर, वर्डस्वर्थपासून आपल्या भारतीय लेखकांपर्यंत साहित्य असतं, भाषेची रचना आणि उच्चारशास्त्र असतं, समीक्षा असते. वाचनाची गोडी नसलेल्या मुलीला हे तीन वर्षं ओढणं म्हणजे शिक्षाच. आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे मेजर आणि मायनर आलेत. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, त्यातले ६० मेजरचे आणि २४ मायनरचे. पुढे इंग्रजीच शिकवायची असेल तर मेजर इंग्लिशच असलेलं बरं. "मैत्रिणीने घेतलं म्हणून" मेजर ठरवू नये, कारण बी.एड.ला शिकवण्याचे विषय मिळताना पदवीचा विषय बघतात.

आता बी.एड. पूर्वी वर्षाचं होतं, आपल्यातल्या अनेकींनी तसंच केलंय. २०१५ पासून ते दोन वर्षांचं आहे. त्यात २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत जावं लागतं: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. नियमाप्रमाणे कॉलेजात ८० टक्के आणि या शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. प्रवेशापासून तीन वर्षांच्या आत सगळं पूर्ण व्हावं लागतं. म्हणजे "लग्नानंतर सावकाश करेल" हे कागदावर जमत नाही.

आणखी एक गोष्ट घरी कुणाला माहीतच नसते. "सासरजवळच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवेल" असं म्हणून बी.एड.ला घालतात. पण ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. त्यासाठी डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड. बारावीनंतर दोन वर्षांत होतं. लहान मुलांत रमणाऱ्या मुलीला पाच वर्षं भलत्या रस्त्याने कशाला न्यायचं? शिवाय आठवीपर्यंत शिकवायला टीईटी लागते, तिचा अभ्यास वेगळाच.

आयांची काळजी मला कळते. अठराव्या वर्षी बारावी, तीन वर्षं बी.ए., दोन बी.एड., म्हणजे तेवीस झाली, "मग स्थळं कधी बघायची?" यावर एक वाट आहे, चार वर्षांचं एकत्रित बी.ए. बी.एड. त्याची राष्ट्रीय पातळीवर वेगळी प्रवेश परीक्षा असते, आणि एक वर्ष वाचतं. मात्र ते निवडक कॉलेजांतच आहे आणि बारावीतच ठरवावं लागतं. निकालानंतर जागं होऊन उपयोग नाही. तेही नको असेल तर साखरपुडा करून ठेवा की, कोण नको म्हणतंय?

खरी अडचण मुहूर्ताची आहे. चातुर्मास संपला की आपल्याकडे लग्नं सुरू होतात, आणि दिवाळीनंतर शाळांचं दुसरं सत्रही तेव्हाच चालू होतं. मुलगी वर्गात पाठ घेतेय आणि इकडे हळदीची तारीख ठरतेय. हजेरी बुडते, वर्ष जातं, आणि मग बोल लावतात तिलाच, "हिला जमलं नाही".

म्हणून याद्या करायला बसाल तेव्हा मानपान, आहेर, जेवणावळीच्या आधी एक कागद समोर ठेवा: तिच्या इंटर्नशिपच्या आणि परीक्षेच्या तारखांचा. बघू या, मुलाकडचे काय म्हणतात ते.