गाडी कोण ढकलणार?

सफाईची गाडी छोटी करायची, सुटे डबे बसवायचे, असं टेबलावर चाललंय. चालू द्या. पण साहेबलोकहो, हे चाक जुनंच आहे. मुंबई सरकारनं 1949 साली बर्वे समिती नेमली, केंद्रानं 1957 साली मलकानी समिती. डोक्यावरची मैल्याची पाटी उतरवा, चाकाची गाडी द्या, असं तेव्हाच लिहून झालं. गाडी आली तिथं गाडीमागं तीच जात उभी राहिली.

आता घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर या. पायऱ्याच पायऱ्या. तुमची गाडी खालीच अडणार, ओला कचरा पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर. मी गोदीतला हमाल, हातगाडी ओढतो म्हणून सांगतो : दांडी खाली असली की पाठ मोडते, चाक बारीक असलं की खड्ड्यात रुततं. झाडूवाल्या बाईच्या उंचीचं माप घेतलंय कुणी?

मुंबईतल्या 2700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम व्हायला 2017 साली सुप्रीम कोर्ट गाठावं लागलं. बाकीच्या कंत्राट्यांची रजा, हातमोजे, पगाराची तारीख कुठल्या डब्यात बसवणार?

आधी त्यांना कायम करा. मग नकाशा वस्तीत आणा, त्या बाईच्या हातात पेन्सिल द्या. तिनं खोडलं ते खोडलं. अन् पहिली गाडी पायऱ्यांवर चढवताना दांडी धरायला इंजिनियर पाहिजे, आडनाव कुलकर्णी असलं तरी.