आडात नाही ते पडद्यावर कुठून येणार?

दहावीचे निकाल लागले की आमच्या बेळगावात फलकांना पालवी फुटते. ‘तीन महिन्यांत कॅड’, ‘नोकरीची हमी’, ‘जागा मर्यादित’! मुलगा मराठी माध्यमातला निघाला तर क्लासवाले आणखी एका रकमेची भर घालतात: आधी दोन महिने इंग्रजी सुधारायचे, मग कॅडला हात लावायचा. पालक निमूटपणे मान डोलावतात. माझे भांडण क्लासवाल्यांशी थोडे आणि या मान डोलावण्याशी अधिक आहे.

मी उद्यमबागेत ड्राफ्ट्समन म्हणून उमेदवारी केली ती टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर. पुढे संगणक आला, बोर्ड भिंतीला टेकला आणि मी पडद्यासमोर बसलो. दोन्हींवर पोट भरलेला माणूस म्हणून ठामपणे सांगतो, कॅडच्या प्राथमिक शिक्षणाला इंग्रजीची जेवढी गरज सांगितली जाते, तिच्या दहावा हिस्साही नसते. गरज असते ती भूमितीची, आणि ती आपल्या मुलांनी मराठीतून शिकलेली असते.

पटत नसेल तर पडद्यावरच पाहू. रेषेचे टोक नेमके कुठे टेकवायचे यासाठी ऑटोकॅडमध्ये ‘ऑब्जेक्ट स्नॅप’ नावाची सोय आहे. तिच्यातली नावे वाचा. मिडपॉइंट म्हणजे मध्यबिंदू, इंटरसेक्शन म्हणजे छेदनबिंदू, पर्पेंडिक्युलर म्हणजे लंब, टॅन्जंट म्हणजे स्पर्शिका. ‘ऑफसेट’ म्हणजे दिलेल्या अंतरावरची समांतर रेषा. ‘मिरर’ म्हणजे आरशातले प्रतिबिंब. १०० स्वल्पविराम ५० असे दिले की बिंदू जिथे पडतो, ते आलेखकागदावरचे क्ष आणि य निर्देशकच. यात नवीन काय आहे? कंपासने बाह्यबिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढून पैकीच्या पैकी गुण मिळवलेला मुलगा क्लासमध्ये ‘टॅन्जंट’ ऐकून गांगरतो, कारण दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. सांगायला मिनिट पुरते. त्या मिनिटाच्या जागी दोन महिन्यांची फी घेतली जाते.

हे नाते कालपरवाचे नाही. ऑटोकॅड आले १९८२ साली. त्याच्याही आधी, १९६३ साली, अमेरिकेत एमआयटीमध्ये इव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ सादर केले. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढायच्या आणि ‘या दोन समांतर ठेव, त्या दोन लंब ठेव’ असे यंत्राला सांगायचे, ही त्यातली कल्पना. आजची त्रिमितीय सॉफ्टवेअरही तेच करतात. आधी सपाट आकृती, तिला बंधने, मग तिला जाडी. फ्रीकॅडमध्ये बंधने पुरी झाली की आकृती हिरवी होते. आयताला लांबी दिली, रुंदी दिली, तरी तो हिरवा होत नाही. कारण तो कुठे बसवायचा हे सांगायचे राहिलेले असते. हे ज्याला उमगले त्याला कॅड उमगले. ते उमगायला भूमितीच्या सिद्धता लिहिलेले डोके लागते. फाडफाड इंग्रजी बोलणारी जीभ तिथे कामाची नाही.

आता क्लासमधून बाहेर काय पडते ते पाहू. प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आलेल्या एका मुलाला मी बिडाचे ओतीव बेअरिंग हाउसिंग हातात दिले आणि म्हटले, ‘बाळा, याचे ड्रॉइंग काढ.’ त्याने व्हर्नियर मागितला नाही, कागद-पेन्सिल मागितली नाही. ‘काका, याची फाइल कुठे आहे?’ असे विचारले. दोष त्याचा नाही. तीन महिने त्याने पुस्तकातली आकृती पडद्यावर उतरवली होती, वस्तू कधी हातातच घेतली नव्हती.

आणि वस्तू हातात घेतल्याशिवाय आमच्या फाउंड्रीत कामाला येईल असे ड्रॉइंग होत नाही. बीड थंड होताना साधारण शेकडा १ आकसते. म्हणजे ३०० मिलीमीटरच्या भागाचा पॅटर्न ३ मिलीमीटर मोठा धरावा लागतो. जो भाग मशीनवर तासायचा, तिथे जादा माल ठेवावा लागतो. उभ्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, नाहीतर पॅटर्न उचलताना साच्याची कड ढासळते. पडद्यावरची उभी रेषा कितीही देखणी असो, वाळूला ती मान्य नसते.

तशीच गत मापांची आणि दृश्यांची. इंचांच्या टेम्प्लेटवर काढलेला भाग मिलीमीटरच्या ड्रॉइंगमध्ये आणला तर २५.४ पट फुगू शकतो. आपल्याकडच्या पद्धतीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात, अमेरिकन ड्रॉइंगमध्ये ते वर असते. हा फरक डोक्यात नसला की डावे-उजवे उलटते आणि तयार झालेला माल भंगारात जातो. सॉफ्टवेअर कुठेही हरकत घेत नाही. चुकीची रेषाही ते तितक्याच सुबकपणे काढून देते.

यावर ठरलेला आक्षेप येतो. ‘पुण्या-बंगळुरूच्या कंपनीत मराठी कोण विचारतो?’ कुणीही विचारत नाही, मान्य. कमांडची नावे इंग्रजीच राहणार, तीही मान्य. पण सुरुवातीला लागतात पंचवीस-तीस शब्द. लाइन, सर्कल, ट्रिम, फिलेट, लेयर. ते पाठ करणे आठवड्याचे काम आहे. शब्द इंग्रजीत घ्या, समज मात्र ज्या भाषेत मूल विचार करते तिच्यातच द्या. सॉफ्टवेअर महाग आहे हेही कारण उरलेले नाही. फ्रीकॅड फुकट मिळते आणि २०२४ साली त्याची १.० आवृत्तीही आली. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी-कन्नडसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकवायला मुभा दिली. दिल्लीला जे सुचले ते आपल्या गल्लीत सुचू नये?

इथे आपल्याच घरातले बोलायला हवे. १९५६ पासून आपण भाषेसाठी झगडत आलो. लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. त्या झगड्याचा मला अभिमान आहे. पण मराठी पाटीसाठी रस्त्यावर उतरणारे आपण, ‘स्पर्शिका’ हा शब्द मात्र कुणाशीही न भांडता सोडून दिला. तो कुठल्या सरकारने हिसकावला नाही. क्लासच्या दारात चपलांबरोबर आपणच काढून ठेवला.

कन्नड माध्यमातल्या मुलांची अवस्था निराळी आहे असे कुणी समजू नये. तीही त्याच बाकावर तशीच गांगरून बसतात. कारखान्यात मराठी टर्नर आणि कन्नड मोल्डर एकमेकांच्या भाषेत काम समजावून घेतात, हे मी आयुष्यभर पाहिले. वर्गात मात्र दोघांनाही न येणाऱ्या तिसऱ्या भाषेत दोघांना गप्प बसवले जाते.

तेव्हा पालकहो, फी भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. पहिला: मुलाच्या हातात खरी वस्तू आणि व्हर्नियर कधी देणार? दुसरा: अडले तर मुलाला त्याच्या भाषेत समजावणार का? उत्तर ‘नाही’ आले तर पैसे खिशात ठेवून घरी या. आणि वाचनालयांच्या, मंडळांच्या चालकांना माझे सांगणे आहे की, व्याख्यानमालेच्या खर्चातून एक जुना संगणक घ्या, त्यावर फ्रीकॅड घाला, आणि गावातल्या निवृत्त पॅटर्नमेकरला रविवारी सकाळी खुर्चीवर बसवा. मराठी, कन्नड आणि इंग्रजी शब्द शेजारी-शेजारी लिहिलेला एक तक्ता भिंतीवर लावा. मुलगे येऊ द्या, मुलीही येऊ द्या. पहिल्या रविवारी संगणक लावूच नका. एक नट-बोल्ट टेबलावर ठेवा आणि मुलांना नुसते सांगा, ‘नीट बघा, मोजा, आणि कागदावर काढा.’