पट्टी कुणाच्या मापाची?

वाईत २०१६ साली स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाला अटक झाली. आरोप सहा खुनांचा; मेलेल्यांत पाच बाया, त्यांतली एक अंगणवाडी सेविकांची पुढारी. आमच्याकडे सांगली-साताऱ्यात बोलणं व्हायचं ते त्याच्या थंड डोक्याबद्दल. १९९६ मध्ये कोल्हापुरात गावित मायलेकींचं मुलं पळवून मारण्याचं प्रकरण निघालं, तेव्हा मात्र ऐकलं ते एवढंच : बाई असून!

अशी माणसं ओळखायची एक पट्टी आहे, कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांची. २० मुद्दे, प्रत्येकाला जास्तीत जास्त २ गुण. ४० पैकी ३० मिळाले की माणूस 'सायकोपॅथ'. ती बेतली मुख्यतः पुरुष कैद्यांवरून. 'दुसऱ्याच्या जिवावर जगणं' हा त्यातला एक मुद्दा. जिच्या नावावर ना शेत ना पगार, तिला किती गुण द्यायचे? 'बाहेरख्यालीपणा'ही आहेच, तो बाईचा नि पुरुषाचा कसा मोजला जातो, हे मी तुम्हाला काय सांगू! उलट, नात्यांच्या आडून, चहाड्यांतून, घरातल्या दुबळ्यांवर चालणारा बायकांचा क्रूरपणा या पट्टीत नीट सापडत नाही. तोही असतो, मैत्रिणींनो. १९८९ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात मानसतज्ज्ञांना सारखीच हकिगत दिली, फक्त बाई की पुरुष एवढं बदललं. पुरुष समाजविघातक ठरला, बाई नाटकी.

हे लांबचं वाटेल. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये, १९७६ च्या दुरुस्तीपासून, 'सायकोपॅथिक डिसऑर्डर' घटस्फोटाच्या कारणांत बसते. व्याख्या काय, तर सततच्या मानसिक विकारातून येणारं अतिआक्रमक किंवा गंभीर बेजबाबदार वागणं. सल्ला केंद्रात मी असे अर्ज वाचते. तिनं ताट भिरकावलं, ही आक्रमकता. पोर टाकून माहेरी गेली, हा बेजबाबदारपणा. तो बारा वर्षं पिऊन मारतो, त्याला कुणी मनोविकारतज्ज्ञाकडे नेलेलं नसतं.

नुसत्या आजाराच्या नावावर घटस्फोट मिळत नाही. एकत्र नांदणं अशक्य व्हावं इतका तो तीव्र हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात सांगितलं आहे. वकिलांना हा निकाल दाखवा. आणि दाखला समोर आला की विचारा : चाचणी कोणती, कुणावर बेतलेली, कोणत्या भाषेत घेतली, डॉक्टर तिच्याशी किती वेळ बोलले? नवऱ्याची घेतली का?