काट्यामागचा उजेड

जुनी स्प्लेंडर रात्री सिग्नलला उभी असते तेव्हा तिच्या मीटरकडे बघावं. इंजिन मंद चाललेलं असतं आणि काट्यामागचा उजेड मलूल, पिवळट, थरथरता दिसतो. सिग्नल सुटला, ॲक्सिलरेटर पिळला की तोच उजेड टवटवीत होतो. गाडी थांबली की पुन्हा पेंगायला लागतो. बऱ्याच जणांना वाटतं, बॅटरी उतरली. पण बॅटरीचा यात काही संबंधच नसतो.

अशा हलक्या मोटारसायकलींत वर्षानुवर्षं विजेचे दोन संसार वेगळे मांडलेले होते. हॉर्न, इंडिकेटर, न्यूट्रलचा हिरवा दिवा बॅटरीवर, तर हेडलाइट, मागचा दिवा आणि मीटरचा बल्ब थेट मॅग्नेटोच्या कॉइलमधून येणाऱ्या एसीवर. रेग्युलेटर आवर घालतो तिथपर्यंत इंजिन जितकं जोरात फिरेल तितका उजेड जास्त. यात काटकसर होती आणि ती शहाणपणाची होती. बॅटरी लहान चालते, आणि ती मेली तरी किक मारून दिवे लावत घरी येता येतं. फिलामेंटच्या बल्बला एसी काय नि डीसी काय, दोन्ही सारखेच. तार तापते आणि उजळते.

नेमकं हेच माहीत नसताना माणूस पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जातो आणि ‘मीटरला निळी एलईडी द्या’ म्हणतो. दुकानदार डबीतून काचेच्या बल्बाएवढाच प्लॅस्टिकचा तुकडा काढून देतो. मीटरच्या खालचं रबरी होल्डर ओढायचं, जुना कॅपलेस बल्ब उपटायचा, नवा खोचायचा. पाच मिनिटांचं काम. कधी ती एलईडी लागतच नाही. कधी लागते, पण मंद इंजिनावर डोळ्यांना टोचेल अशी फडफडते. आणि कधी सुरेख लागते आणि आठवड्यात मरते. मग ‘चायना माल’ म्हणून सगळा दोष एका देशावर ढकलला जातो.

एलईडी ही मुळात एकाच दिशेने वीज जाऊ देणारी वस्तू. एसीच्या अर्ध्या फेरीत ती पेटते, उरलेल्या अर्ध्या फेरीत विझते. इंजिन मंद असताना हा खेळ इतका सावकाश होतो की डोळ्याला तो फडफडताना दिसतो. त्यात भर म्हणजे उलट्या दिशेचा दाब तिला फारसा सोसत नाही. साध्या एलईडीच्या माहितीपत्रकात ही मर्यादा बहुधा ५ व्होल्टची असते. १२ व्होल्टच्या एसीचं टोक मात्र १७ व्होल्टपर्यंत जातं. म्हणून एसीवरच्या मीटरला आत चार डायोडांचा ब्रिज असलेलीच एलईडी घ्यावी. बाजारात ती ‘नॉन-पोलॅरिटी’ म्हणून मिळते, आणि शेजारी छोटा कपॅसिटर असला तर फडफडही कमी होते. दुसरा मार्ग म्हणजे मीटरची तार एसीवरून सोडवून चावीनंतरच्या, फ्यूज असलेल्या बॅटरीच्या तारेवर घेणं. एलईडी अर्धा वॅटही खात नाही, त्यामुळे बॅटरीवर त्याचा भार जाणवत नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तेव्हा मीटर दिवसाही उजळलेलं राहिलं तर नवल वाटायचं कारण उरलेलं नाही.

बल्बांच्या मापांचा घोळ त्या मानाने सोपा. टी-१० म्हणजे साधारण १० मिलिमीटर जाडीचा, टी-५ म्हणजे त्याच्या निम्मा. पार्किंग लाइटचा ५ वॅटचा कॅपलेस बल्ब टी-१० जातीचा असतो. मीटरमधले १.७ किंवा ३.४ वॅटचे असतात. जुना बल्ब खिशात टाकून दुकानात नेला की वाद मिटतो.

हिशेबही एकदा कागदावर करून बघण्यासारखा आहे, कारण एलईडीच्या सगळ्या तक्रारींची मुळं त्यात सापडतात. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्ट असतात. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला लागतात साधारण ३.२. उरलेले ११.२ व्होल्ट रेझिस्टरने गिळायचे. प्रवाह २० मिलिअँपिअर ठेवायचा तर ५६० ओहमचा रेझिस्टर येतो. बाजारातल्या स्वस्त मालात मात्र तीन एलईडी एकामागोमाग जोडून त्यांच्यापुढे २४० ओहमच्या आसपासचा एकच रेझिस्टर लावलेला असतो. इंजिन चालू असताना तो माल ठीक जळतो. इंजिन बंद केलं, व्होल्टेज १२ वर आलं, की प्रवाह निम्मा होतो आणि उजेडही त्याच्या मागोमाग घसरतो. जावा-येझदीच्या जुन्या ६ व्होल्टच्या गाडीवर असा दिवा लावला तर तो लागतच नाही, कारण तीन एलईडींना मिळून साडेनऊ व्होल्ट हवे असतात. त्या गाड्यांचे शौकीन ६ व्होल्टचा माल शोधत फिरतात, किंवा सरळ स्वतः एलईडी घेऊन डाग देतात.

आणि २० मिलिअँपिअर तरी कशाला? मीटर वाचायला त्याच्या चौथ्या हिश्शातही काम भागतं. ५६० च्या जागी २,२०० ओहमचा रेझिस्टर टाकला की प्रवाह ५ मिलिअँपिअरवर येतो आणि काळोख्या रस्त्यावर तेवढा उजेड पुरून उरतो. मीटर सजवणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक रंगाची नसते, तीव्रतेची असते. दुकानात ट्यूबलाइटखाली झकास दिसलेला दिवा ताम्हिणी घाटात, धुक्यात, हेल्मेटच्या काचेआतून पाहताना वैरी होतो. डोळा मीटरच्या उजेडाला सरावतो आणि रस्त्यावरचा खड्डा दिसेनासा होतो.

तरी भांडणं होतात ती रंगावरूनच, तेव्हा रंगाकडे वळू.

निक होलोन्याक यांनी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये डोळ्याला दिसणारी पहिली व्यावहारिक एलईडी बनवली, ती लाल होती. पुढची तीसेक वर्षं बाजारात लाल, पिवळी, पोपटी एवढंच चाललं. झगझगीत निळा रंग कोणाला जमत नव्हता. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तो १९९३ साली बाजारात आणण्याइतका जमवला. इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासह त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढरी एलईडी हीसुद्धा पोटात निळीच असते. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर थापला की दोन्ही मिळून पांढरा भास होतो. फोक्सवॅगनने १९९७ च्या गोल्फमध्ये निळ्या उजेडाचं, लाल काट्यांचं मीटर दिलं आणि निळं म्हणजे आधुनिक, असं एक समीकरण जगभर रुजलं. दिल्लीच्या करोल बागेपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत निळ्या एलईडीला मागणी आहे ती याच हवेवर.

डोळ्याचं मत वेगळं आहे. निळा किरण डोळ्याच्या भिंगात जास्त वळतो आणि पडद्याच्या थोडा अलीकडेच जुळतो. त्यामुळे निळे आकडे कडेने धूसर दिसतात. वय वाढलेल्या, मोतीबिंदूकडे झुकलेल्या डोळ्यात तो उजेड आणखी विखुरतो. शिवाय अंधारात काम करणाऱ्या पेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर-हिरव्या उजेडाला सर्वाधिक जागतात. म्हणजे अंधाराला सरावलेली नजर निळ्या मीटरने आधी मोडते. लाल उजेड त्या पेशींना जवळजवळ दिसतच नाही. दुसऱ्या महायुद्धात रात्री काम करणारे वैमानिक आणि पाणबुड्यांवरचे लोक लाल दिव्यात वावरत ते याच कारणाने. मग मीटर लाल करावं का? त्यातही गोम आहे. लाल उजेडात लाल काटा आणि आरपीएमची लाल रेघ दोन्ही पांढऱ्या पार्श्वभूमीत विरून जातात. उलट निळ्या-हिरव्या उजेडात लाल काटा काळा पडतो. सगळं तोलून पाहिलं तर उबदार पांढरा किंवा अंबर हे दोन रंग सोयीचे ठरतात. म्हणजे जुन्या फिलामेंटच्या जवळचेच. आधुनिकतेच्या नावाने इतकी धडपड करून माणूस पुन्हा पिवळसर उजेडाकडे येतो, हे निळ्याच्या भक्तांना पचायला जड जातं.

पिवळ्या फिलामेंटसाठी बनवलेल्या रंगीत काचांमागे पांढरी एलईडी घातली की आणखी एक गंमत होते. फिलामेंटच्या उजेडात निळा अंश अगदी थोडा असतो, म्हणून अप्परची, म्हणजे हाय बीमची खूण निळ्या काचेतून सौम्य दिसायची. पांढऱ्या एलईडीत निळाच जोरात असतो. तीच खूण आता डोळ्यांत भाल्यासारखी घुसते. याउलट लाल काचेमागे हीच एलईडी फिकी पडते, कारण तिच्यात गडद लाल कमी. उपाय साधा आहे: काचेचा जो रंग, त्याच रंगाची एलईडी. काही मीटरमध्ये बल्बवर हिरवी-निळी रबरी टोपी चढवलेली असते. रंगीत एलईडी घालायची तर ती आधी काढावी.

मात्र इशाऱ्याच्या दिव्यांचे रंग बदलू नयेत. लाल म्हणजे थांब, अंबर म्हणजे लक्ष दे, हिरवा म्हणजे सगळं ठीक, निळा म्हणजे अप्पर चालू, ही भाषा जगभर एक आहे. सगळेच दिवे निळे करणाऱ्या हौशी गाड्यांत न्यूट्रल आणि अप्पर एकसारखे दिसतात. मेकॅनिक बिचारा गोंधळतो आणि मालक त्याच्यावरच खेकसतो.

इंडिकेटरच्या दिव्यात तर खरा विनोद दडला आहे. मीटरवर डाव्या-उजव्यासाठी एकच खूण असलेल्या जुन्या गाड्यांत त्या बल्बचं एक टोक डाव्या इंडिकेटरच्या तारेला, दुसरं उजव्या तारेला जोडलेलं असतं. त्याला स्वतःचं अर्थिंग नाही. डावीकडे वीज आली की ती मीटरच्या बल्बमधून उजव्या इंडिकेटरच्या फिलामेंटमध्ये शिरते आणि तिथून अर्थ होते. मधल्या बल्बमधून जाणारा प्रवाह इतका थोडा असतो की उजवा बल्ब पेटत नाही, फक्त वाट देतो. इथे मीटरमध्ये साधी एलईडी बसवली की ती एका बाजूला लुकलुकते आणि दुसऱ्या बाजूला ठार आंधळी होते. आणि मीटरचा बल्ब तसाच ठेवून बाहेरचे चारही इंडिकेटर एलईडीचे केले, तर डावं बटण दाबलं तरी चारही लागतात, कारण त्या मधल्या वाटेने गळणारी वीजही एलईडींना पुरते. दोन्हींवर इलाज एकच. दोन्ही तारांवर एकेक १एन४००७ डायोड लावून त्यांची टोकं एकत्र मीटरच्या दिव्याला आणायची आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला द्यायचं. डायोडला काही रुपये पडतात. जुना फ्लॅशर बल्बांच्या भारावर चालणारा असेल, तर तोही इलेक्ट्रॉनिक घ्यावा लागतो.

मीटरचा दिवा केवळ दिवा नसतो, याचा याहून पक्का पुरावा बीएमडब्ल्यूच्या जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या बॉक्सर गाड्यांत आहे. त्यांच्या चार्जिंगच्या खुणेचा बल्ब अल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीचा प्रवाह पुरवतो. त्या प्रवाहाने चुंबक जागं होतं, मगच चार्जिंग सुरू होतं. तो बल्ब उडाला तर बॅटरी भरायची थांबते. तिथे एलईडी घातली तरी तेच, कारण ती जाऊ देते तो प्रवाह फारच तोकडा. जर्मनीत, अमेरिकेत या गाड्या जपणारे लोक तो एक बल्ब फिलामेंटचाच ठेवतात, किंवा एलईडीला समांतर रेझिस्टर लावतात. बाकी सगळं मीटर खुशाल बदलतात.

हल्लीच्या डिजिटल मीटरचं काम वेगळं. तिथे बल्ब नसतो, बोर्डावर तांदळाच्या दाण्याहून लहान एलईडी डाग दिलेल्या असतात. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, चिमटा, भिंग आणि स्थिर हात हवा. एलईडीचा कापलेला कोपरा किंवा तिच्यावरची खूण ध्रुव दाखवते, ती पाहूनच नवी बसवायची. एलसीडीवरची पोलरायझरची फिल्म काढून काटकोनात फिरवली की काळे आकडे उजळतात आणि मागचं काळं होतं. दिसायला मोहक असतं, पण भर दुपारच्या उन्हात वाचायला त्रास होतो. बोर्ड गेला तर सगळं मीटर नवं घ्यावं लागतं, तेव्हा पहिला हात भंगारातल्या मीटरवर साफ करावा.

काट्यांच्या मीटरकडे परत येऊ. फिलामेंट चहूकडे उजेड फेकतं, एलईडी नाकासमोर. म्हणून बदलल्यावर ६० च्या आकड्यावर ठिपका आणि १०० वर अंधार असं होतं. बाजूला उजेड टाकणारी एलईडी घ्यावी, तिचं टोक बारीक पॉलिश पेपरने घासून धुरकट करावं, मीटरचं आतलं अंग पांढरं रंगवावं.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा रोख नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल अशा फेरफारांवर आहे, आणि मीटरच्या बल्बचा रंग त्या पुस्तकात लिहिलेला नसतो. वॉरंटीतल्या गाडीची तार कापणं मात्र टाळावं.

कोकणात, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी मीटर उघडायचं काम एप्रिल-मे महिन्यात उरकावं. रबरी सील एकदा हलली की जुलैत काचेआड वाफ धरते आणि मग कोणत्याही रंगाची एलईडी असली तरी वेग दिसत नाही. सुरुवात मीटरच्या एकाच बल्बने करावी. तो लावून एक रात्र शहराबाहेर, दिवे नसलेल्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि मगच बाकीचे घ्यावेत. काढलेले बल्ब टूलकिटमध्ये ठेवावेत. गाडी विकायची वेळ आली की नवा मालक पहिल्यांदा तेच मागतो.