जाहीर आवाहन : हळद तपासून घ्या, पण नक्की काय तपासायचे ते सांगून



वर्षाची हळद-तिखट करून ठेवण्याचे दिवस आले, की ‘भेसळ ओळखा’चे व्हिडिओही मोबाइलवर फिरू लागतात. हळदीत हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, लाल झाली तर भेसळ! अर्धीच गोष्ट. तीव्र आम्लात शुद्ध हळदसुद्धा लालसर होते. वरून पाणी घातल्यावर लाली गेली तर ठीक. टिकली तर मेटॅनिल यलो या रंगाचा संशय घ्यायचा.

हळकुंडाला पिवळी तकाकी यावी म्हणून लावतात त्या लेड क्रोमेटचे काय? ही परीक्षा त्यासाठी नाहीच. त्यातले शिसे नेमके मोजायचे तर हळद नायट्रिक आम्लात जिरवून ‘आयसीपी-एमएस’ यंत्रावर तपासावी लागते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, त्यामुळे इथे अंदाजावर भागत नाही.

मधाचेही तसेच. उसाच्या किंवा मक्याच्या साखरेचा पाक कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडला जातो. म्हणून भेसळ करणारे तांदळाच्या पाकाकडे वळले. तो त्या कसोटीतून निसटतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने १३ ब्रँडचे मध जर्मनीत ‘एनएमआर’ (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) पद्धतीने तपासून घेतल्याचे जाहीर केले; त्यात तीनच खरे उतरले. कंपन्यांना ते मान्य नव्हते, हेही सांगायला हवे.

तेव्हा प्रयोगशाळेत जाऊन नुसते “भेसळ आहे का बघा” म्हणू नका. जे विचाराल तेवढेच ती सांगते. अर्जात स्पष्ट लिहा : शिसे, मेटॅनिल यलो.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणीही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. मात्र माल घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. (तेवढ्यानेच कधीकधी दुसरे पोते उघडले जाते!) कायद्याचा भंग आढळला तर शुल्क परत मिळते.

शुल्क एका घराला जड वाटेल. म्हणून एकाच दुकानातून हळद घेणाऱ्या घरांनी वर्गणी काढावी. पाकीट सीलबंद ठेवा, बॅच क्रमांक टिपून घ्या, बिल जपा. सुटी हळद कोरड्या काचेच्या बरणीत भरून त्यावर दुकान आणि तारीख लिहा.

अहवाल इमारतीच्या सूचना फलकावर लावा. चांगला आला तरी लावा. प्रामाणिक दुकानदाराचे गिऱ्हाईक त्याने वाढेल.

– आपल्याच वस्तीतील काही ग्राहक